पडलेल्या माणसाचं माप

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दुपारनंतर माझा मोबाईल नुसता थरथरत असतो. कोणीतरी पडलेलं असतं. पडलेल्या माणसाचं मुंडकं कोणी रडणाऱ्या बाळाच्या धडाला जोडतं, कोणी त्याच्या हातात पिशवी देऊन त्याला एसटीच्या मागच्या सीटवर बसवतं, कोणी म्हशीवर चढवून गावाकडे रवाना करतं. मी हसते. खोटं कशाला बोलू, एखाददुसरं चित्र पुढेही पाठवते. मग बोरुडे सर आठवतात आणि मी मोबाईल पालथा ठेवते. सरांना एकदा असलं चित्र दाखवलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ते जवळून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे कापून चिकटवनं झालं. मानूस कुठाय ह्याच्यात?"

भानुदास बोरुडे आमच्या दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढायचे. आमचं दैनिक नगरचं. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. अर्धा अंक नेत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यात जायचा. मी तिथे उपसंपादक होते, म्हणजे शुभेच्छांच्या मधल्या जागेत बातम्या बसवायचं काम माझ्याकडे होतं. बोरुडे सर मूळचे मिरजगावचे. नगरच्या एका हायस्कूलात ते चित्रकला शिकवायचे आणि नोकरीत असल्यामुळे व्यंगचित्रांखाली टोपणनाव घालायचे. ते टोपणनाव कोणाचं हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या समारंभाने खरं नाव घातलं, तर एका वाचकाने कळवलं की जुना चित्रकारच बरा होता.

अंगाने किरकोळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि सुताराच्या कानावर असते तशी कानावर पेन्सिल. इतकी वर्षं वर्गात शुद्ध भाषेत शिकवून माणूस बोलायचा मात्र मिरजगावचंच. ऐकायला जरा कमी यायचं, म्हणून मोबाईल नेहमी स्पीकरवर. फोन कानाला न लावता तोंडासमोर आरशासारखा धरायचे. त्यामुळे त्यांचा एकही फोन खासगी राहिला नाही. घरी जाताना कोथिंबीर न्यायची की नाही, हे आमच्या आख्ख्या संपादकीय विभागाला माहीत असायचं.

चित्र झालं की ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी हसायला लागले की दटावायचे, "आधी वळखा, मग हसा." त्यांच्या चित्रांचं सगळं शास्त्र मापात होतं. ते म्हणायचे, "नाक देव देतो. पन ते केवढं काढायचं, हे लोक ठरवत्यात." एखाद्याला तिकीट मिळालं की त्याचं नाक जरासं वाढायचं. निवडून आला की आणखी. मंत्री झाला की विचारूच नका. एका मंत्र्याचं नाक तर चौकट ओलांडून शेजारच्या दशक्रियेच्या जाहिरातीत घुसलं होतं आणि त्या घरच्यांनी रीतसर तक्रार केली होती. कोणाची मिशी वाढायची, कोणाचे कान, कोणाचं पोट. हे एका दिवसात व्हायचं नाही. वर्षानुवर्षं दर आठवड्याला थोडं थोडं व्हायचं, त्यामुळे वाचकाला ते कळायचंही नाही. नेता समोर आला की लोकांना उलट वाटायचं, अरे, याचं नाक एवढंच कसं?

आणि तो पडला, की दुसऱ्या दिवशी सर त्याला देवाने दिलेल्या मापाचा काढायचे.

ही त्यांची पद्धत मला पहिल्यांदा कळली ती कोल्हारकडचे एक जुने पुढारी पडले तेव्हा. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या इतक्या वेळा निवडून आले होते की ते पडू शकतात हेच लोक विसरले होते. तेवढ्या वर्षांत सरांनी त्यांचं नाक आणि फेट्याचा तुरा कुठल्या कुठे नेऊन ठेवला होता. निकाल लागल्यावर आमचे मालक स्वतः खाली आले. त्यांना पहिल्या पानावर तात्या हवे होते, उलट्या खुर्चीखाली चेंगरलेले आणि डोळ्यांतून नळासारखं पाणी वाहत असलेले. सर "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी इतरांकडे खुर्च्या उलटल्या आणि नळ वाहिले. आमच्याकडे एक म्हातारा हायवेच्या थांब्यावर बसून शेंगा खात होता. शेजारी छत्री, डोक्यावर साधी टोपी, नाक चारचौघांसारखं. मागून एक टेम्पो निघून चालला होता. बस्स.

सकाळपासून फोन सुरू झाले. हा कोण? चित्र बदललं का? छापताना घोटाळा झाला का? मालक तणतणत आले. "सर, एकाही माणसाला ओळखू आला नाही!"

"व्हय ना," सर शांतपणे म्हणाले. "हा कोन, असं लोक इचारायला लागलं. तेच तर चित्र हाय."

मालकांना ते पटलं नाही. पण अंक हातोहात खपला होता, त्यामुळे ते गप्प बसले.

दोन-तीन दिवसांनी तात्या स्वतः आमच्या कार्यालयात आले. जिना चढून आल्याने धाप लागली होती. जुन्या सवयीने आम्ही सगळे उभे राहिलो. मला वाटलं, आता अब्रुनुकसानीची नोटीस. तात्यांनी खुर्ची ओढली, सरांच्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "बोरुडे, माझं नाक परत द्या."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"थट्टा न्हाई करत मी," तात्या म्हणाले. "लोकांनी पाडलं, सोसलं. बाकीच्यांनी रडताना काढलं, ते बी सोसलं. तुमचा पेपर नातवानं उघडला आन् म्हनतो, आजोबा, आज तुमचं चित्र न्हाई आलं व्हय? मी बाजूलाच बसलो हुतो. चित्रात बी मीच हुतो."

"तात्या, नाक माझ्याकडं न्हाई," सर म्हणाले. "मी कुठून देऊ?"

मग त्यांनी चहा सांगितला. दोघांनी बशीत ओतून प्यायला. पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. तात्या निघाले तेव्हा सर त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन खिडकीत उभे राहिले. खाली, बाहेरच्या जिन्यावर, तात्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

"रडताना काढला असता तर खूश झाला असता," सर म्हणाले. "रडनारा बी मोठाच दिसतो, बाई."

मी विचारलं, "सर, ही तुमची दया म्हणायची की शिक्षा?"

"माप हाय," ते म्हणाले आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

मला ते उत्तर कधी पुरलं नाही. पडलेल्याला सगळेच लाथ घालतात, सर घालत नाहीत, म्हणून ते मला आवडायचे. पण तात्यांचा तो नातू आठवला की वाटायचं, लाथ परवडली. उलट्या खुर्चीखालच्या माणसाला लोक निदान ओळखतात. एकदा मालकांनी स्वतःच्या वाढदिवसासाठी सरांकडून व्यंगचित्र काढून घेतलं. सरांनी त्यांना त्यांच्या नेमक्या नाकानिशी काढलं. मालकांनी चित्र बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाहीत.

आता जगन्नाथरावांविषयी सांगायला हवं.

जगन्नाथराव म्हणजे सरांचा जग्या. मिरजगावात एकाच गल्लीत वाढलेले, शाळेत एकाच बाकावर बसलेले. सर नगरला येऊन मास्तर झाले आणि जग्या आधी तालुक्याचा पुढारी, मग शिक्षणमहर्षी झाला. नगरमध्ये बंगला बांधला, गावोगावी शाळा काढल्या. सरांनी त्याला मैत्री म्हणून कधी सोडलं नाही. त्याचं ते पोट काढायचे आणि ते दर निवडणुकीला वाढत गेलं होतं. चित्र छापून आलं की सकाळीच फोन यायचा आणि आम्ही सगळे ऐकायचो.

"भान्या, ह्या खेपेला पोट लई काढलंस."

"तू वाढवलंस, मी काढलं."

"ये मग रविवारी. शालननं आमटी करायचं म्हनलंय."

दर रविवारी सर त्या बंगल्यावर जेवायला असत. शालनवहिनी, म्हणजे जगन्नाथरावांच्या पत्नी, दोघांना वाढत आणि दोघांनाही बोलत. आम्हाला याची गंमत वाटायची, कारण जगन्नाथराव बाहेर कुठे जेवत नसत. लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्यांची पंगत असो, ते हात जोडून सांगत, "आज उपास हाय." त्यामुळे तालुक्यात त्यांचा देवभोळा म्हणून लौकिक होता. एवढे उपास करून पोट कसं उरतं, असं आम्ही सरांना चिडवायचो. सर नुसते हसायचे.

मग एका दुपारी जगन्नाथराव सापळ्यात सापडले. शिक्षिकेची जागा देतो म्हणून एका बाईकडून पैसे घेताना, स्वतःच्याच संस्थेच्या कार्यालयात. तोंडावर रुमाल धरून गाडीत बसतानाचा त्यांचा फोटो संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. मालक परत खाली आले. या वेळी त्यांना अर्धं पान व्यंगचित्र हवं होतं. सर म्हणाले, "तो जामिनावर घरी येऊ द्या." मालक म्हणाले, तोवर लोक विसरतील. सर म्हणाले, "इसरनार न्हाईत."

जामीन झाला त्या दिवशी फोन आला. सरांनी तो नेहमीसारखा तोंडासमोर धरला. आम्ही सगळे कामात गढल्याचं सोंग करत होतो.

"भान्या, काढनार हायस ना?"

"काढनार."

"काढ. न्हाई म्हनत न्हाई मी." जगन्नाथरावांचा आवाज बसला होता. "पन मला तात्यासारखं काढ. साधं. मी बी पडलोच की आता."

सरांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ घेतला.

"तात्याला लोकांनी पाडलं," सर म्हणाले. "तुला कुनी पाडलं, जग्या? मतं गेली की नाक उतरतं. खाल्लेलं पोट कसं उतरंल?"

"माझी पोरं शाळेत जात्यात अजून," पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "नातवंडं म्हनायचं हुतं मला."

"ती बाई बी कुनाची तरी पोरगीच हाय."

मग सरांनीच विचारलं, "जेवलास का?"

"न्हाई."

"जेव," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

उभी हयात जपलेली मैत्री त्या एका चित्रावर टांगलेली होती. हे मला कळत होतं आणि सरांना तर कळतच होतं. तात्यांसारखा साधा म्हातारा काढला असता तर मित्र उरला असता, पण मग इतकी वर्षं ज्यांची मापं उतरवली त्या सगळ्यांना ते काय सांगणार होते? चहा आला तो तसाच निवला. संध्याकाळी त्यांनी चित्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि "आधी वळखा" म्हणायलाही थांबले नाहीत.

ओळखायला काही नव्हतंच. पाटावर जगन्नाथराव बसले होते, पोट पानभर पसरलेलं. समोर केळीच्या पानावर आख्खी शाळा वाढलेली, कौलांसकट, घंटेसकट. मागे ती पैसे देणारी बाई वाढायला उभी, तिच्या हातातलं भांडं रिकामं. आणि जगन्नाथराव घास घेत होते, डाव्या हाताने.

मी हसले नाही, पण हात बघून मनात म्हटलं, काय सुचलंय माणसाला. डाव्या हाताने खाणं! लाच दाखवायची याहून चांगली युक्ती नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच म्हटलं. मालक तर खाली येऊन सरांची पाठ थोपटून गेले. लोकांनी चित्रातला तेवढाच हात कापून घेतला, त्यावर काय काय लिहिलं आणि तो मोबाईलवरून गावोगाव पोचवला. सकाळी जगन्नाथरावांचा फोन आला नाही. सर मात्र एकेकाचं कौतुक ऐकून पांढरे पडत चालले होते. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, जरा माझ्याबरोबर चलता का? एकट्यानं जायचं धाडस हुईना."

आम्ही रिक्षाने बंगल्यावर गेलो. दार शालनवहिनींनी उघडलं. सरांनी सवयीने चपला काढल्या, पण वहिनी बाजूला झाल्या नाहीत. सर तसेच अनवाणी उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"भावजी, पोटाचं मी काय बोलनार न्हाई," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी खाल्लं, तुमी काढलं. पन त्या हाताचं तुमाला ठाव हुतं."

"वहिनी, मला तो तसाच दिसतो हो," सर म्हणाले. "जेवताना दुसरा कसा दिसंल मला?"

"लोकांना काय दिसलं ते बघितलं का?"

आतून जगन्नाथरावांचा आवाज आला, "कोन हाय गं?"

वहिनी सरांकडे बघत म्हणाल्या, "कोनी न्हाई." आणि त्यांनी दार हळूच लोटलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना रिक्षात सरांनी सांगितलं ते असं. शाळेत असताना दोघं चिंचा पाडायला झाडावर चढले होते आणि एकाच फांदीवर होते. फांदी मोडली. सरांना खरचटलंसुद्धा नाही आणि जग्याचं उजवं कोपर गेलं. गावातल्या हाडं बसवणाऱ्या माणसाने ते वाकडंच बसवलं, तेव्हापासून तो हात तोंडापर्यंत पोचत नव्हता. खायचं तर डाव्यानेच. चारचौघांत डाव्या हाताने जेवताना दिसायला नको म्हणून आयुष्यभराचे ते उपास. घरातल्या माणसांसमोर आणि भान्यासमोर तेवढा तो पोटभर जेवायचा.

"मी काय मुद्दाम काढलं न्हाई," सर म्हणाले. "जेवलास का इचारलं, न्हाई म्हनला. मग डोळ्यासमोर तो जेवताना आला आन् आला तसा काढला. वरनं लोक म्हनत्यात, काय डोकं चालवलंय." सिग्नलला रिक्षा थांबली तरी ते पुढेच बघत होते. "पोटाचं मला काय वाटत न्हाई, बाई. ते जिल्ह्याचं हुतं. हात त्यानं मला दाखवला हुता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर सर थोडे दिवस येत राहिले. चित्रं काढली, पण माणसं लांबून काढलेली, नकाशावर असावीत तशी. मग एक दिवस "नजर गेली आता" म्हणून ते मिरजगावला निघून गेले. नजर चांगली होती. मालकांनी त्यांच्या जागी मोबाईलवर चित्रं करणारा माणूस आणला. तो पडलेल्यांना म्हशीवर बसवतो आणि लोक खूश असतात.

गेल्या हिवाळ्यात मी सोलापूरला निघाले होते. मिरजगावला चहासाठी गाडी थांबवली. हायवेच्या कडेच्या हॉटेलात, बाहेरच्या बाकावर, बोरुडे सर बसलेले दिसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला जगन्नाथराव होते. मी दचकलेच. खटला अजून चालू होता, संस्था हातातून गेली होती, बंगला विकून तेही गावी आल्याचं मी ऐकलं होतं. अंगाने निम्मे झाले होते. दोघांमध्ये भज्यांची बशी होती आणि जगन्नाथराव भर बाजारात, सगळ्यांसमोर, डाव्या हाताने भजी खात होते. कोणी बघतही नव्हतं.

मी समोर बसले. सरांनी माझी चौकशी केली. जगन्नाथरावांनीही हात जोडले. पण ते दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. हॉटेलवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रोज येत्यात दोघं. बोलत न्हाईत. मधी कुनी बसला की त्याच्याकडून निरोप धाडत्यात."

आणि खरंच, चहा आला तसे जगन्नाथराव मला म्हणाले, "ह्याला सांगा, बिनसाखरेचा घे. शुगर वाढलीय."

"त्याला सांगा," सर मला म्हणाले, "मला कळतंय."

दोघंही माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. मी मान डोलावत राहिले. समोरून उसाचा ट्रक गेला, बराच वेळ धूळ खाली बसली नाही. मग जगन्नाथराव रस्त्याकडे बघत म्हणाले, "ह्याला इचारा. परत वेळ आली तर काढशील का तसंच?"

मला ते विचारवेना. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. धोतराच्या टोकाने चष्मा पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच मान वळवून मित्राकडे नीट बघितलं.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "पोट तेवढंच काढीन. हात न्हाई काढनार."

जगन्नाथरावांनी तोंडातला घास सावकाश संपवला. मग बशी बाकावरून सरकवत सरकवत पार सरांच्या मांडीपाशी नेली.

"ह्याला सांगा, भजी गार व्हायलीत," ते म्हणाले.

मी सांगायच्या आत सरांनी हात पुढे केला होता.